आडनावाच्या जागी टिंब

हिंगोली
शनिवार

प्रिय प्रमोद,

फोन उचलत नाही म्हणून चिडला असशील. चीड. फोनवर तू समजवायला लागलास की मला सगळं पटत जातं, ही माझी खोड तुला चांगली ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले. गेल्या महिन्यात डोंगरकड्याच्या फाट्यावर तू लग्नाचं विचारलंस आणि मी बस आली म्हणून पळाले. बस काय, मागून दुसरीही आली असती. त्याचं उत्तर या पत्रात आहे, पण एकदम शेवटावर उडी मारू नकोस.

तू पुण्याला नोकरीला गेलास आणि मी आपल्याच कॉलेजच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून चिकटले. या आठवड्यात पहिल्या वर्षाची नवी पोरं आली. सपना मॅडम अजूनही पहिल्या प्रॅक्टिकलला तोच प्रोग्राम करायला लावतात. नाव विचारायचं, वडिलांचं नाव विचारायचं, आडनाव विचारायचं आणि तिन्ही पडद्यावर दाखवायची. कॉम्प्युटरचा पहिला धडा म्हणे. आपल्याकडची पोरं तो धडा घरूनच शिकून येतात. आपल्या वेळी सगळ्या वर्गाच्या माना शेजारच्याच्या पडद्याकडे वळल्या होत्या, आठवतं? मी आडनाव न टाकता नुसतं एंटर दाबत बसले होते आणि कर्सर लुकलुकत होता, पुढे म्हणून जाईना. तेव्हा आपली धड ओळखही नव्हती. तू शेजारून हात लांबवून तिथे एक टिंब टाकलंस. मग स्वतःचा प्रोग्राम परत चालवून तिथेही टिंबच टाकलंस आणि म्हणालास, आपण दोघं टिंबाचे. तेवढ्यावर मी भाळले. वेडीच होते.

दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावाच लागतो म्हणून आपण सर्जनशील लेखन घेतलं. पाठांतर नाही, एवढीच त्याची थोरवी. रामप्रसाद सरांनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं की कथेतल्या माणसाला आडनाव द्यायचं नाही, तो चालण्याबोलण्यातून ओळखू आला पाहिजे. मी त्या तासाची आठवडाभर वाट बघायचे. तू स्टँडवरच्या कुठल्याही माणसाला धरून त्याचं गाव, बायको, भांडण असं सगळं रचायचास आणि वर्ग तोंडात बोट घालायचा. मला मात्र सर दर वेळी म्हणायचे, हिला खोटं बोलता येत नाही, हिची कथा व्हायची कशी?

मग गेल्या महिन्यात तुझ्या बहिणीच्या, सरिताताईच्या डोहाळजेवणाला तू मला घरी नेलंस. तुझ्या मायने, कमलबाईंनी, मला पाहुणीसारखं बसवून ठेवलं नाही, सरळ चुलीपाशी नेलं. मी पुऱ्या लाटत होते, त्या तळत होत्या. मला घाम आला तर त्यांनी स्वतःच्या पदराने माझं कपाळ पुसलं. खरं सांगते, मी फार सुखात होते. तेवढ्यात त्या सहज म्हणाल्या, "जाधव म्हंजी तुमी पुसेगावचे का? तिकडं आमचे लई सोयरे हायेत."

माझं आडनाव जाधव नाही. मी दाराकडे पाहिलं. तू तिथेच उभा होतास, आणि तुझी मान खाली गेली तेव्हा हे आडनाव कुणी दिलं ते मला कळलं. मी म्हणाले, हो, ते लांबचे आहेत आमचे. इतकं चोख खोटं मला वर्गात कधी जमलं नव्हतं.

फाट्यापर्यंत चालताना तू सगळं समजावलंस. जाधव तुमच्यात असतात, आमच्यातही असतात, कुणी खोदून विचारत नाही. दीक्षा हे नावही कुणाकडेही चालून जातं, तेवढं बरं झालं. एकदा लग्न होऊ दे, मग मुलगी बौद्धांची आहे हे मायला हळूच सांगू. जीव लागला की ती कोणाला सोडत नाही. तू हे मायेपोटीच केलंस, त्यात मला शंका नाही. पण माझे बाबा त्या लग्नात कोण म्हणून उभे राहणार होते, तेही रचून ठेवलं होतंस का? मला फार लागलं ते, प्रमोद. अजून लागतं.

घरी आले तर आई दारातच बसलेली. आपलं नावगाव बराबर सांगितलंस ना, एवढंच तिने विचारलं. मी व्हय म्हणाले. तेव्हापासून ती शेजारणींना सांगत सुटली आहे की पोराची माय मोठ्या मनाची आहे. तिच्याकडे बघवत नाही मला.

काल सकाळी मी कमलबाईंना फोन करून माझं खरं आडनाव सांगितलं. आम्ही कोण तेही सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. डोहाळजेवणाच्या दिवशी निघताना त्यांनी मला मागच्या दारी बोलावून एक हिरवी साडी दिली होती, तुला सांगू नको म्हणून. काल त्यांनी तेवढंच विचारलं, "घडी मोडली का गं?" नाही म्हणाले. "मग धाडून दे, लेकरा." लेकरा म्हणाल्या त्या मला. त्यांच्या पत्त्यावर ती पाठवायला माझा हात होईना, म्हणून तुझ्याकडे पाठवते आहे. या पार्सलात पत्राखाली तीच आहे. तुला माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि ते मायलाही तूच सांग. साडी त्यांच्या हातात दे. उघडून बघू नकोस, घडी तशीच राहू दे.

हे पार्सल तुझ्या हाती पडेपर्यंत तुझीच,
दीक्षा