आई काय खाते, ते कळव

सान होसे, ३ मार्च

ती. एदुविगेसताईस,
वेन्सेस्लावचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना आई शेजारी बसून सगळं ऐकते, म्हणून हे पत्र. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ती अंगण झाडते. ती खाते तरी काय, ते मला बारकाईनं कळव. म्हातारपण लांबवायला मी द्राक्षांच्या अर्काच्या गोळ्या घेतो, दुपारी चारनंतर तोंडाला कुलूप. हसू नकोस गं. नूरिया सहा वर्षांची, मी त्रेसष्टचा! शाळेच्या फाटकावर मला तिचा आजोबा समजतात. तिच्या पंधराव्या वाढदिवसाला बापानं लेकीबरोबर नाचायचं असतं ना, तो नाच मलाच नाचायचाय. आईसाठी थोड्या गोळ्या पाठवतोय.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा वेन्से

निकोया, ११ मार्च

चि. वेन्सेस्लाव यास अनेक आशीर्वाद.

अरे वेड्या, लहानपणी तुला वाढलं तेच ती खाते! राखेच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या भाकऱ्या, काळा घेवडा, भोपळा. वर कॉफीत तीन चमचे साखर, हे तुझ्या डॉक्टरला सांगू नकोस. तुझी एक गोळी आईनं फोडून हुंगली नि विचारलं, की एवढ्याशानं याचं पोट कसं भरतं?

नूरियाला गोड पापा.
तुझी ताई

सान होसे, २ एप्रिल

ती. ताईस सा. न.

आमच्याकडे गॅस, राख आणू कुठून? दुकानातून कोळसा आणून जाळला, त्या राखेत मका शिजवला. कोळशाला रॉकेल लावलेलं होतं! नूरियानं नाक धरून विचारलं, की आज मोटार शिजवलीय का? ताई, आई आणखी काही करत असेल तर सांग. संध्याकाळी भुकेनं जीव कासावीस होतो, पोरीवर उगाच खेकसतो. पण चारनंतरचा उपास सोडायची भीती वाटते.

उत्तराची वाट पाहतो.
वेन्से

निकोया, ९ एप्रिल

चि. वेन्सेस्लाव यास आशीर्वाद.

रॉकेलचा मका! आईला वाचून दाखवलं, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, बाबाही याच चुलीवरचं, तिच्याच हातचं जेवायचे, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. ते का गेले नि ती का राहिली, हे तिलाही जाणून घ्यायचंय. सांगणारा कुणी भेटला तर पाठवून दे.

माझ्या पंधराव्या वाढदिवसाला तू आठ वर्षांचा होतास. बाबांची टोपी घालून आईच माझ्याबरोबर नाचली, आठवतं? लोक हसले. मी मात्र फार खूश होते रे.

गोळ्या खुशाल घे, पण रात्री लेकीबरोबर जेव. आणि आईचा निरोप असा, की तू नसलासच, तर नूरियाबरोबर ती नाचेल. तेव्हा ती एकशे सात वर्षांची असेल. काल तिनं नाचाचे बूट चांभाराकडे टाकले.

जपून राहा, बाळा.
तुझी ताई