अस्मिताची झडप

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
दि. १२ ऑक्टोबर २००३

सौ. शीलाताई विहीणबाई यांस,
भागीरथीचा स. जयभीम. वि. वि.

पत्र उघडताना घाबरू नका. तुमची अस्मिता माझ्यासमोर बसून शेंगा सोलते आहे. पण गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि वाण्याच्या फोनवर चार गिऱ्हाइकांसमोर सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसले.

पाचवा महिना लागल्यापासून तिला धाप लागते. मला वाटलं, पहिलटकरीण आहे, होतं असं. बेलवलीच्या डॉक्टरांनी अंगात रक्त नाही म्हणून गोळ्या दिल्या. पण पोरगी आडवीच होईना. उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लावायची आणि राजेंद्रची झोप मोडू नये म्हणून खोकला पदरात दाबायची. शेवटी मी तिला उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे डॉ. पद्मजा म्हणून बाई आहेत. त्यांनी छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मग हृदयाचा इको काढायला लावला.

हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त उतरतं, तिथे झडप असते. अस्मिताच्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटल्यात. दार पुरतं उघडत नाही, रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. पोटात बाळ असलं की अंगातलं रक्त वाढतं, म्हणून दम आत्ता दिसला. दुखणं मात्र जुनं आहे. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, असं बाईंनी विचारलं. अस्मिताला पुसटसं आठवतं. तुम्ही नीट आठवून कळवा.

आता अवघड बोलते. पोट पुढे न्यायचं की गर्भ काढायचा, ते आठ-दहा दिवसांत ठरवा, पुढे कायद्यानेही करता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात छाती न कापता फुग्याने झडप उघडतात म्हणे, तिथली चिठ्ठी दिली आहे. आम्ही जातोच आहोत.

आणखी एक. माझी नणंद सखू येऊन गेली. आजारी मुलगी गळ्यात मारली, असं ती बोलली. तुमच्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी मीच सांगते. मी तिला चहा दिला आणि बसची वेळ सांगितली.

व्याह्यांच्या तब्येतीचं कळवा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
भागीरथी

•

रेल्वे क्वार्टर्स, मनमाड
दि. १७ ऑक्टोबर २००३

श्रीमती भागीरथीबाई विहीणबाई यांस,
शीलाचा स. जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही विचारलंत ते खरं आहे. तिसरीत असताना अस्मिताला ताप आला होता. आधी घसा धरला, मग गुडघे एवढे सुजले की मी तिला कडेवर घेऊन मोरीत न्यायची. कंपाउंडरने गोळ्या दिल्या, महिन्याभरात पोर लंगडी खेळायला लागली. तो ताप काळजात जाऊन बसला असेल हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. लपवून दिली नाही हो विहीणबाई. तुमच्या नणंदेला काय वाटेल ते वाटो, तुम्ही मनात आणू नका.

आता माझं ऐका. पोट उतरवून घ्या. आमच्या लाइनीत एका बाईला अशीच धाप होती. बाळंत झाली, बाळ रडलं, आणि आई संध्याकाळ बघू शकली नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मला नातवंड नंतर चालेल, कधीच नसलं तरी चालेल. मला माझी मुलगी पाहिजे.

रागावू नका, पण लिहूनच टाकते. तुमचा राजेंद्र एकुलता एक. त्याच्या घरात पाळणा हलावा असं तुम्हाला वाटणारच. त्या वाटण्यापायी माझी पोर पणाला लागू नये. जमत नसेल तर तिला इकडे पोचवा, मी बघते. मीच आले असते, पण ह्यांचं लकवा मारलेलं उजवं अंग अजून उठत नाही. कूस बदलायलाही मी लागते. घर सोडता येत नाही, ह्याचंच रडू येतं.

अधिकउणं लिहिलं असेल तर आईचं म्हणून पदरात घ्या.

आपली,
शीला

•

हेंद्रेपाडा, बदलापूर
दि. २३ ऑक्टोबर २००३

ती. आईस,
अस्मिताचा सा. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र सासूबाईंनी माझ्या हातात दिलं आणि त्या भाजी आणायला निघून गेल्या. मी वाचेपर्यंत परत आल्या नाहीत. आल्यावर एवढंच म्हणाल्या की शीलाताईंच्या जागी मी असते तर याहून कडक लिहिलं असतं.

आम्ही मुंबईला जाऊन आलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना मी तुझाच प्रश्न विचारला. पोट उतरवलं तर मी बरी होईन का? ते म्हणाले, भार हलका होईल, पण झडप आहे तशीच राहील. उद्या जिना चढताना, परवा दुसऱ्यांदा दिवस गेले की पुन्हा हेच. म्हणजे झडपेचं काहीतरी करायचंच आहे. मग ते आत्ताच का करू नये, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि नीट समजावलं.

मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेतात. दोन कप्प्यांमधल्या पातळ पडद्याला टोचून पलीकडे जातात. तारेवरून मिटलेला फुगा झडपेत नेऊन क्षणभर फुगवतात, की चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. भूल फक्त मांडीपुरती. छातीवर एक ओरखडा नाही. एक्सरे लागतो, पण थोडाच वेळ, आणि पोटाला पुढून-मागून शिशाचं जड कापड गुंडाळतात. आता बाळाचे अवयव तयार झाले आहेत, आणि पुढे रक्ताचा भार अजून वाढायचा आहे, म्हणून करायचं तर पुढच्या महिन्यातच.

धोका मी तुझ्यापासून लपवत नाही. कधीकधी पाकळी सुटण्याऐवजी फाटते. मग त्याच वेळी छाती उघडावी लागते, आणि तेव्हा बाळाचा भरवसा नाही. शंभरात एखाद-दोघींचं असं होतं.

डॉक्टरांनी घरच्यांचं मत विचारलं. हे खाली मान घालून बसले होते. सासूबाई म्हणाल्या, “मला नातवाचं विचारू नका डॉक्टर. ही पोरगी चालती-बोलती घरी पाहिजे. बाकी तिचं म्हणणं तिलाच विचारा.” आई, तू त्यांच्याबद्दल लिहिलंस ते चूक होतं. चूक कळावी म्हणून लिहिते, तुला बोल लावायचा म्हणून नाही.

माझं म्हणणं असं, की मला दोन्ही पाहिजे. मीही जगणार आणि पोटातलं हेही. बाळ आता हलतं. जीन्सच्या कारखान्यातलं धागे कापायचं काम मी सोडलं आहे, उल्हासनगर कॅम्प पाचच्या आमच्या शेठाणी भाभींनी जागा राखून ठेवते म्हणून सांगितलंय. रक्त द्यायला ह्यांच्या कंपनीतली पोरं तयार आहेत. फक्त तुझं हो आलेलं नाही. ते नसलं तरी मी टेबलावर चढेन. पण असलं तर बरं वाटेल.

बाबांना नमस्कार. तुझ्या मायेची ऊब इथवर येते, ती येत राहू दे.

तुझी,
अस्मिता

•

मनमाड
दि. २९ ऑक्टोबर २००३

चि. अस्मितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आधी एकटीने वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं. आजारापासून त्यांचा शब्द उमटत नाही हे तुला माहीतच आहे. फुग्याचं आलं तिथे त्यांनी बोटाने परत वाच म्हणून खुणावलं. परत वाचलं. मग किती वेळ ओठ हलवत राहिले. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी दूर सारलं. शेवटी शब्द आला: “करा.”

इतक्या महिन्यांत स्पष्ट निघालेला तोच एक शब्द. आता मी वेगळं काय म्हणू. माझंही हो.

विहीणबाईंना सांग, मी लिहिलं ते भीतीने लिहिलं. आणि हेही सांग, की पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. फुग्याचं काम पार पडलं की सातव्यात तुला इकडे आणायची. त्यात मी मागे हटणार नाही.

उशाला पाणी ठेवत जा. तुझी वाट बघणारी,
आई

•

हेंद्रेपाडा, बदलापूर
दि. १६ नोव्हेंबर २००३

सौ. शीलाताई विहीणबाई यांस,
भागीरथीचा स. जयभीम. वि. वि.

तार मिळालीच असेल, तरी पहिल्या ओळीत पुन्हा लिहिते. झालं. दोघं सुखरूप आहेत.

आता सगळं सांगते. सकाळी तिला आत नेलं. राजेंद्र आणि मी बाहेर बाकावर. जाताना तिने मला चपला सांभाळा म्हणून सांगितलं, जशी काही बाजारातच चालली होती. बराच वेळ झाला आणि एक सिस्टर धावत बाहेर आली, कपाटातून काहीतरी घेऊन पुन्हा आत गेली. राजेंद्र उठून उभा राहिला. मी त्याला बसवलं. तुमच्या लाइनीतली ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी काडेपेटीच्या कंपनीत कामाला होते तिथे एकदा भडका उडाला होता, तेव्हा मी पोरींना हाताला धरून बाहेर काढलं. इथे धरायला कुणाचा हातच नव्हता.

नंतर कळलं की पहिल्यांदा तार झडपेतून पलीकडे जाईना. डॉक्टरांनी ती मागे घेतली, वळण बदललं आणि पुन्हा घातली. अस्मिता सगळा वेळ जागी होती. पडद्यावर तिचंच काळीज हलताना दिसत होतं म्हणे. फुगा फुगला तेव्हा क्षणभर अंधारल्यासारखं झालं, आणि मग एवढा श्वास आत गेला की तिला वाटलं कुणीतरी छातीवर ठेवलेलं जातं उचललं. बाळाने तेव्हाच पाय झाडला. हे तिने डॉक्टरांना सांगितलं आणि ते मास्कमधून हसले.

मला आत सोडलं तेव्हा ती झोपली होती. शीलाताई, ती उताणी झोपली होती. पाय सरळ ठेवायचा म्हणून सिस्टरनी तिला सपाट निजवलं होतं, डोक्याखाली एक उशी नाही, आणि खोकला नाही, घरघर नाही. मी तिथेच उभी राहून नुसती बघत राहिले. राजेंद्र मात्र बाहेर जाऊन रडला.

थोडी गळती राहिली आहे झडपेला. डॉक्टर म्हणाले, तिचं भय नाही. पण ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. आणि काही वर्षांनी पाकळ्या पुन्हा चिकटू शकतात, नजर ठेवावी लागेल.

आता भांडणाचं. सातव्यात ती मनमाडला येणार नाही. तिची नाडी ओळखणारे डॉक्टर इकडे आहेत, आणि बाळंतपणात काळीज कसं वागेल ते त्यांनाच कळणार. रीत मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर. तुम्हीच या. व्याह्यांना तुमच्या भावाकडे ठेवा किंवा सोबत आणा, आमच्या पुढच्या खोलीतला पलंग रिकामा करते. माहेर इकडे आणलं तर माहेरच झालं की नाही? लाडू तुम्ही करा. माझे दगडासारखे होतात, हे तुमच्या मुलीने सासरी आल्या महिन्यातच सांगितलंय.

तुमच्या होकाराने आम्हाला बळ आलं. ते असंच असू द्या.

आपली,
भागीरथी

•

हेंद्रेपाडा, बदलापूर
दि. ९ मे २००४

सौ. शीलाताई विहीणबाई यांस,
भागीरथीचा स. जयभीम. वि. वि.

तुम्ही आणि व्याही गेल्यापासून पुढची खोली ओकीबोकी वाटते. दोन महिने तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात मीठ शोधत होता, आता मीच शोधते आहे. तुम्ही डबे कुठे हलवलेत ते कळवा.

उत्पला बाळसं धरते आहे. व्याह्यांनी पाटीवर डाव्या हाताने लिहिलेलं ते नाव सगळ्यांना आवडलं. अस्मिता परवा तिला कडेवर घेऊन पुलाचा जिना चढली आणि वर माझी वाट बघत उभी राहिली. इंजेक्शन चुकवत नाही. शेठाणी भाभींचा निरोप आला होता, पावसाळ्यानंतर कामावर जाते म्हणते.

आता जे घडलं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं. दुसरं मूल नीट विचार करूनच, झडपेवर पुन्हा तोच ताण येईल, हे डॉ. पद्मजांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. अस्मिताने स्वतःचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं होतं. बाई म्हणाल्या, घाई नको, हृदयाला आधी जरा विसावा द्या. त्यात नामकरणाला सखूने सगळ्यांसमोर पुढच्या वेळी मुलगा म्हणून आशीर्वाद दिला. अस्मिताचं तोंड उतरलं.

राजेंद्रने ते पाहिलं असणार. गेल्या बुधवारी ड्यूटीला म्हणून गेला आणि दुपारीच परत आला, पाय जपून टाकत. उल्हासनगरला जाऊन नसबंदी करून घेतली होती. मला नाही, बायकोलाही नाही, कुणालाच विचारलं नाही. मी खूप बोलले. एकुलता एक, उद्या काही झालं तर, वंशाचं काय, सगळं तोंडातून निघून गेलं. तुम्ही मागे मला लिहिलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं, शीलाताई. कुठेतरी होतं ते माझ्यात.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आई, तिच्या काळजापर्यंत तार गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. आता पुन्हा तिनेच टेबलावर चढायचं आणि मी बाकावर बसायचं?”

दोन दिवस मी त्याला वाढलंही नाही. अस्मिता मात्र त्याच्या ताटात वाढताना हात थांबवून त्याच्याकडे बघत राहायची. तिसऱ्या दिवशी मी तुपातला शिरा केला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो सगळा खाल्ला.

काल सखू आली. कुठून तरी तिला कळलं होतं. एवढ्या तरण्या पोराने असं केलं आणि तू गप्प बसलीस, आता घर भरायचं कसं, असं म्हणाली. उत्पला माझ्या मांडीवर झोपली होती, अस्मिता दारात तांदूळ निवडायला बसली होती, राजेंद्र आत होता.

मी म्हटलं, “सखू, आमच्या घरातली माणसं पुरी झाली.”

व्याह्यांना आणि तुम्हाला सगळ्यांचा जयभीम. दिवाळीत आम्ही चौघंही मनमाडला येतो. तोवर माया राखून ठेवा.

आपली,
भागीरथी