मधला ठिपका

हुडकेश्वर, नागपूर
२२ फेब्रुवारी १९८७

प्रिय उत्तरा,

तुझं पत्र परवा मिळालं. आईने ते दोनदा वाचून दाखवलं, आणि शेवटच्या चार ओळी तिसऱ्यांदा, माझ्याकडे बघत बघत. शोभाआत्याने तुला माझ्या डोळ्यांबद्दल कळवलं, मधूला आता साधं पोस्टकार्डही लिहिता येत नाही असंही लिहिलं, आणि म्हणून तू एप्रिलमध्ये हॉलंडमधलं पीएचडीचं काम अर्धवट टाकून कायमची घरी येते म्हणतेस. तिकिटाची चौकशीसुद्धा करून बसलीस. आत्याच्या पोटात काही राहत नाही हे आपल्या घरात कोणाला ठाऊक नाही? तरी तिच्यासमोर बोलून गेलो, ही माझीच चूक. त्या चार ओळींचं उत्तर मी देणार आहे, पळणार नाही. हे पत्र कसं लिहिलं जातंय तेही शेवटी सांगतो. पण आधी मला तुझ्या त्या चकतीबद्दल बोलू दे. तीन महिने झाले, ती माझ्या डोक्यातून जाता जात नाही.

दिवाळीनंतर तुझं पार्सल आलं आणि त्यातून ती गाण्यांची चकती, तुमची कॉम्पॅक्ट डिस्क, निघाली. पुरणपोळीपेक्षा लहान, आरशासारखी लखलखीत. उन्हात धरली की भिंतीवर सात रंग. आई म्हणाली, ही ऐकायची आहे की हिच्यात बघून कुंकू लावायचं? वाजवायचं यंत्र आपल्याकडे नाही, आणि हुडकेश्वरात कोणाकडे असायचं कारणही नाही; इथे अजून रस्त्यावर धड दिवे नाहीत. तरी मी रोज सकाळी ती घेऊन अंगणात बसायचो. तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मेकॅनिक म्हणून काढली, फावल्या वेळात महाल भागातल्या अर्ध्या घरांचे ग्रामोफोन दुरुस्त केले, त्यामुळे फिरणारी वस्तू दिसली की ती चालते कशी हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. तूही त्यातलीच. लहानपणी माझं घड्याळ खोललंस तेव्हा आई तुझ्यावर ओरडली आणि मी तुला स्क्रू ठेवायला वाटी दिली होती, आठवतं?

तू लिहिलंस की एका केसाच्या जाडीत तिच्यावरच्या चाळीसेक वाटा बसतात, आणि उजेडाचा एक ठिपका त्यातल्या नेमक्या एका वाटेवरून चालत राहतो. मी म्हटलं, शक्यच नाही. लेथवर जॉब कितीही नीट लावला तरी तो थोडा आउट, म्हणजे मध्य सोडून, फिरतोच. चकतीच्या भोकात एवढासा फरक असला तरी प्रत्येक फेऱ्यात वाट इकडून तिकडे हेलकावणार, आणि तेही एकदोन वाटांनी नव्हे, चांगली वीस-पंचवीस वाटांनी. ग्रामोफोनच्या सुईचं ठीक आहे, ती खाचेत बसलेली असते, खाचेच्या भिंतीच तिला ढकलत नेतात. उजेडाला कोण ढकलणार? असा मी तुला तावातावाने उलट प्रश्न पाठवला होता. जणू काही ते यंत्र तूच बनवलंस आणि आता तुझी चोरी पकडली गेली!

मग तुझं ते डिसेंबरातलं उत्तर आलं. ते एक पान वाचायला मला तीन दिवस लागले, का ते पुढे सांगतो. ठिपका एक नसतो, तीन असतात. मधला वाचतो. बाजूचे दोघे वाचत नाहीत, एक जरासा पुढे आणि एक मागे राहून वाटेचा एकेक काठ धरून चालतात. दोघांचा उजेड सारखा परत आला की समजायचं, मधला बरोबर वाटेवर आहे. एकाचा वाढला, दुसऱ्याचा घटला की भिंग तेवढंच सरकवायचं. आपण घसरलो हे मधल्याला स्वतःला कळतच नाही, ते बाजूचे दोघे सांगतात. उत्तरा, खरं सांगतो, हे समजलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. आई धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

जानेवारीत तुझे मोठेबाबा, आपले चंपतभाऊ, काटोलहून संत्र्याचं पोतं घेऊन आले, तर त्यांनाही मी चकती दाखवून हे सगळं सांगितलं. त्यांनी ती उलटीपालटी केली, नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, हे तं आपण डवरतो तसंच आहे गा मधू. पात्याकडे पाह्यलं का पऱ्हाटी कापली गेलीच. दोन्हीकडच्या ओळीकडे पाह्याचं, डवरा आपोआप मधात राह्यते. मी खजील झालो. मीही मॅट्रिकपर्यंत दर पावसाळ्यात कपाशीच्या ओळींमधलं तण काढत डवऱ्यामागे चाललो होतो आणि मला हे सुचलं नव्हतं. पण चंपतभाऊंचं समाधान होत नाही कधी. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, पर मधू, जिथं अजून पेरलंच नाही, तिथं काय पाहून चालन ते?

तुला हसू आलं असेल. कारण नेमकं इथेच तर तू अडकली आहेस. तू लिहिलं होतंस की कोऱ्या चकतीवर लिहायचं असेल तर कारखान्यातच बारीक खाचा पाडून ठेवतात, म्हणजे लिहिण्याआधीच वाट तयार असते. पण तुझ्या संशोधनातली ती जाड काच वेगळी. तिच्यात वाटच नाही, एकाच जागी उजेडाची शेकडो पानं एकावर एक लिहायची, प्रत्येक पान उजेडाच्या वेगळ्या कोनात, आणि आत खाच पाडावी तर सगळा उजेड विस्कटतो. मग आपण कुठे आहोत हे कळायचं कसं? मी हे भाऊंना जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, बगिचा लावतो तवा रान कोरंच राह्यते, खुंट्या धुऱ्यावर, बांधावर राह्यतात. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर दोरी लावली का झाडाची जागा सापडते. उत्तरा, तिथे तुमच्याकडे मोठमोठी माणसं आहेत, हे त्यांना सुचलं नसेल असं मी म्हणत नाही. पण विचारून पाहायला काय जातं? खुणा काचेत न ठेवता काठावर ठेवल्या, किंवा खाली एखादा वेगळा थर देऊन त्यात ठेवल्या, आणि त्या वाचायला दुसऱ्याच रंगाचा उजेड वापरला, म्हणजे लिहायच्या जागेला धक्का लागायला नको? त्यात खोट काय आहे ते मला लिही. खोट असणारच, पण कुठे आहे ते कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

आता एक कबुली. तुझी चकती मी बिघडवली. नाताळात कळलं की रामदासपेठेत आपले दातांचे डॉक्टर आहेत त्यांच्या जावयाने सिंगापूरहून ते यंत्र आणलंय. मी लगेच वेळ ठरवली. जायच्या आदल्या दिवशी माझी ग्रामोफोनची जुनी मखमली गादी काढली आणि रेकॉर्ड पुसतात तशी, गोल गोल, वाटेच्या दिशेने, ती चांगली घासून पुसली. गादीत कुठलातरी धातूचा कण असणार. डॉक्टरांकडे पहिल्या दोन रचना अशा काही वाजल्या की काय सांगू, व्हायोलिनवाला जणू आपल्याच खोलीत बसलाय, खरखर म्हणून नाही. आणि तिसरीत तो एकाच सुरावर अडकला. तेच तेच, तेच तेच. डॉक्टरीणबाई चहा घेऊन आल्या तरी तेच. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

घरी आल्यावर आईने तुझं पार्सलबरोबरचं पत्र काढलं. त्यात तू स्वच्छ लिहिलं होतंस: बाबा, पुसायची तर मधून बाहेर पुसा, गोल पुसू नका, आडव्या ओरखड्यावरून उजेड उडी मारून जातो पण वाटेतच ओरखडा पडला तर तो वाट चुकतो. आई म्हणाली, हे तुम्ही वाचलं नव्हतं काय? मी म्हटलं, विसरलो. ते खोटं होतं, उत्तरा. ती ओळ मी वाचलीच नव्हती. वाचता आली नव्हती. ती पानाच्या घडीजवळ होती आणि माझ्या डोळ्यांपुढच्या डागात गेली होती.

तो डाग गेल्या उन्हाळ्यापासून आहे. आधी डाव्या डोळ्यात होता, मग उजव्यात आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजलाय, चष्मा नाही, ऑपरेशन नाही, पण कडेची नजर राहील, आंधळे होणार नाही तुम्ही. म्हणजे भिंतीवरचं घड्याळ दिसतं, काटे दिसत नाहीत. ताट दिसतं, लोणचं कुठल्या बाजूला आहे तेही दिसतं, पण ज्या घासाकडे बघावं तो जातो. तुझ्या आईचा चेहरा पाहायचा तर मला तिच्या कानाकडे पाहावं लागतं. परवा ती वैतागून म्हणाली, काय पाहून राहिले कानाकडे, नवीन कुड्या घ्यायच्या आहेत काय? आत्यालाही मी एवढंच म्हटलं होतं की आता वाचणं होत नाही. ती बाकीचं आपल्या मनाने घालून मोकळी झाली.

वाईट वाटतं का विचारशील, तर वाटतं. सुरुवातीला फार वाटलं. ज्या हाताने वर्नियरच्या मापपट्टीवर सेंटिमीटरचा शंभरावा भाग मोजला त्या हाताला आता सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून एक दिवस मी अवजारांची पेटी उचलून माळ्यावर टाकली. मग तुझ्या तीन ठिपक्यांचं आठवलं. माझा मधला गेलाय, बाजूचे दोघे धड आहेत. तेव्हापासून मी रोज काहीतरी करून बघतो, या दोघांच्या भरवशावर काय काय जमतं ते. सायकल जमत नाही. नळाचा वॉशर बदलणं जमलं. संत्री सोलणं तर न बघताच जमतं.

लिहिणं मात्र जमत नव्हतं. कोऱ्या कागदावर पहिली ओळ बरी जायची, दुसरी तिच्या अंगावर चढायची, तिसरी दोघींच्या मधून पळायची. चंपतभाऊंचं म्हणणं अगदी बरोबर, पेरलंच नाही तर पाहायचं काय? परवा तुझं पत्र ऐकलं आणि मी आईला म्हटलं, करंज्या कापायचं कातण काढ. ती म्हणाली, अवंदा फेब्रुवारीतच दिवाळी आली काय? मग माझी पट्टी घेऊन ती बसली आणि प्रत्येक कागदावर कातण फिरवून एकेक रेघ पाडत गेली, कागद फाटणार नाही इतपत दाबून. त्या दातेरी रेघेत माझं डाव्या हाताचं बोट चालतं, बोटाच्या वरून पेन चालतं. ओळ संपली की बोट खालच्या रेघेत उतरवायचं. दोन दिवस लागलेत, पण एक शब्दही मी कोणाला सांगून लिहवून घेतलेला नाही. आत्यालाही एक पोस्टकार्ड टाकतोय, याच पद्धतीने.

एक गंमत तेवढी झाली. काल सकाळी एक अख्खं पान मी तुला रागावलो होतो. आमच्यासाठी शिक्षण सोडणारी तू कोण, बापाला लुळा समजतेस काय, असं बरंच काही. लिहून झाल्यावर आईला म्हटलं, वाच. ती म्हणाली, अहो, हे कोरं आहे. पेनातली शाई संपली होती! मला कळलंच नाही. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तो राग पुन्हा लिहायला बसलो तर तो काही तसा येईना, मग हे पत्र लिहिलं.

तर तुझ्या चार ओळी. बेटा, तू यावंसं मला वाटतं, रोज वाटतं, तुझ्या आवाजाशिवाय हे घर सुनं आहे. पण माझे डोळे हे कारण असेल, तर या कागदांवरून मागच्या बाजूने बोट फिरव, उंचवटे लागतील, त्यांच्या आधाराने तुझा बाप पानांमागून पानं चालत आलाय. आणि त्या काचेने तुला थकवलंय, तिथे तुझं मन लागत नाही, हे कारण असेल, तर तसं सरळ लिही. एप्रिलमध्ये ये, कोणी एक शब्द विचारणार नाही, आई स्टेशनवर तुला घ्यायला येईल आणि मी तिच्या मागे. फक्त माझ्या डोळ्यांच्या नावावर येऊ नकोस. एवढं विचारायचं होतं म्हणून हे पत्र, आणि ते दुसऱ्याच्या हाताने विचारलं असतं तर तू विश्वास ठेवला नसतास. आता पानाच्या तळाशी दोन बोटं जागा उरलीय, तिथे आईने रेघ पाडलेली नाही, तिचं कातण आधीच थांबलं. सही तिथेच करतो. वाकडी गेली तर हस.

तुझाच,
बाबा