सुनेला बोललेल्या एका वाक्याबद्दल

मी, बाबाराव तानबा थूल, वय ७१, गवंडी, राहणार नाचणगाव, तालुका देवळी, जिल्हा वर्धा. बीपीची गोळी सोडली तर तब्येत बरी आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये माझी नात काजल, वय सोळा, हिने आत्महत्या केली. कारण आजवर आम्हाला कळलेले नाही. आदल्या दिवशी तिच्या आईने, माझी सून सरिता हिने, अभ्यासावरून तिचा मोबाईल काढून घेतला होता, एवढेच. अंत्यविधीहून परतल्यावर साऱ्या नातलगांसमोर मी सुनेला म्हणालो, "पोरीले तुनंच खाल्लं." आठ दिवसांनी सरिता हिंगणघाटला माहेरी गेली, ती परत आलेली नाही.

२. मी स्वतःच्या हाताने बांधलेले दोन खोल्यांचे घर माझ्यामागे सरिताला मिळावे. मुलगा रत्नदीप यास रागाने वगळलेले नाही. तो हल्ली बोलतच नाही, विचारले तेव्हा म्हणाला, "तिच्याच नावानं करा, बाबा. मले तिथं बसवत नाई." सरिताने राहावे, विकावे, कुलूप लावून ठेवावे. अट नाही.

३. थापी, ओळंबा व फळ्या माझा जुना जोडीदार प्रेमदास यास द्याव्यात. त्याने चहाच्या टपरीवर काजलबद्दल नाही नाही ते सांगितले. ते मी माफ केलेले नाही. पण भिंत सरळ त्याचीच येते.

४. काजलची सायकल. दर रविवारी मी पुसतो, हवा भरतो. कोणाला द्यावी ते ठरत नाही. हे कलम असेच राहू द्यावे.

५. मी तीनदा हिंगणघाटला गेलो. असे कधी एका गोष्टीमुळे होत नसते, हे माझ्या बीपीच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावले होते. तेही सरिताला सांगितले. हात जोडले. तिने चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, "नाई बाबा. तुमीच खरं बोलले. बाकी सारे मले नुसते समजावून राह्यले."

चहा पिऊन एसटीने परत आलो.

६. ते वाक्य खोटे होते. दुःख कोणावर तरी टाकायचे म्हणून टाकले. गेली त्या सकाळी काजल माझ्यासमोर बसून जेवली होती. मलाही काही दिसले नाही. घर देताना हे कलम सरितासमोर मोठ्याने वाचावे. ती ऐकायला आली नाही, तर आग्रह करू नये.

बाबाराव थूल (सही)

माझ्यादेखत व एकमेकांदेखत सह्या करणारे साक्षीदार:
धीरज मून, शिक्षक (सही)
चंद्रभान फुलझेले, शेजारी (सही)

नाचणगाव, ९ नोव्हेंबर २०२५