कपबशांसकट कॉपर हेरॉन

फॅव्हरशॅम, केंट
रविवार, जेवणानंतर

चि. लायनेल यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझा बरा आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. इथे पाऊस चालू आहे, पण ती काही कळवण्याजोगी बातमी नव्हे.

तुमच्या ‘कॉपर हेरॉन’ बँडच्या १९७३ सालच्या कार्यक्रमाची टेप गॉर्डनच्या गॅरेजात कुत्र्याच्या टोपलीखाली सापडली (ड्रम वाजवणारी माणसं काय कुठे ठेवतील याचा नेम नाही) आणि आता तिची रेकॉर्ड निघणार, हे ऐकल्यापासून मी गावभर मान ताठ करून हिंडते आहे. खाटकाला सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं, दाताच्या डॉक्टरला तर त्याचे दोन्ही हात माझ्या तोंडात असताना सांगितलं. माझा भाऊ बासरी वाजवायचा, आणि तीही आईच्या पडद्यांचा झगा घालून! (आईला ते पडदे कुठे गेले हे शेवटपर्यंत कळलं नाही.)

परवा रेकॉर्ड कंपनीची इमोजेन टेप ऐकवायला घरी आली होती. गोड मुलगी आहे, केकचे दोन तुकडे खाल्ले. तिच्याकडून कळलं की तू रेकॉर्डच्या करारावरची सही अडवून बसला आहेस. मधल्या शांत भागातला कपबशांचा खणखणाट काढा, ‘चहावाल्या बाईने घातलेला घोळ’ जगाला ऐकवायचा नाही, असं तू तिला कळवलंस म्हणे. लायनेल, ती चहावाली बाई तुझी सख्खी बहीण होती, हे लिहायला विसरलास वाटतं.

आणि घोळ कसला रे? अर्धा तास चालणारं तुमचं ते गाणं. ऑर्गन गडगडता गडगडता एकदम थांबला. सगळं चिडीचूप. ही शांतता मुद्दाम रचलेली आहे, हे चर्चच्या हॉलमधल्या चहाच्या खिडकीपर्यंत कोणी कळवलं होतं का? गाणं संपलं, मध्यंतर झालं, असं समजून मी खिडकीचं शटर वर केलं. एकदा का ते शटर वर गेलं की आपल्याकडे कोण बसून राहतो? अख्खा हॉल उठला. ती मखमली विजारीतली, खांद्यापर्यंत केस वाढवलेली क्रांतिकारक पोरं निमूटपणे रांगेत उभी राहिली. (एकाने तर जादूगाराची उंच टोपी घातली होती, कप घेताना त्याने ती अदबीने काढली.) आणि नेमकी तेव्हाच तुझी बासरी सुरू झाली. बिचारी पोरं पेचात पडली. रांग सोडावी तर नंबर जातो, बासरी सोडावी तर तुझा अपमान होतो. मग माना तुझ्याकडे वळवून, चवड्यांवर एकेक पाऊल पुढे सरकत, बशा छातीशी धरून सगळ्यांनी श्वास रोखून ऐकलं. ढकलाढकली नाही, कुजबूज नाही, फक्त ‘सॉरी’ आणि ‘थँक यू’. गॉर्डनला त्या भागात काही काम नव्हतं, तोही येऊन रांगेत उभा राहिला.

ती किणकिण कुठल्या वाद्याची, असं इमोजेनने विचारलं तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, माझं वाद्य! सव्वाशे कप, एकही फुटला नाही. तुमच्यापैकी कोणाला तेवढं नीट वाजवता आलं होतं, सांग बघू.

कळावे, लोभ आहेच, पण तो सहीवर अवलंबून आहे.

तुझी,
हेझेल

ता.क. सही कर आणि कपबशा राहू दे.

ता.क. २. खरं सांगायचं तर कपबशा गेल्या तरी चालतील. पण तुझा तो उंच सूर लागायच्या जरा आधी एक तरुण माणूस हळूच म्हणतो, ‘साखर दोन चमचे, आणि तुमचं नाव काय?’ तो आपला विल्फ आहे रे. माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो तेव्हा, लग्न नंतरचं. मार्चमध्ये त्याला जाऊन वर्ष होईल. घरात त्याचे फोटो पोतंभर आहेत, आवाज एवढाच. माझं उत्तर टेपवर नाही. चमचा पडल्याचा आवाज आहे, ते मीच.

ता.क. ३. कपबशांचं निमित्त करून तू काय लपवतोयस ते मला ठाऊक आहे. तो उंच सूर साफ घसरलाय. इमोजेन म्हणते, तो पुसायला गेलं तर विल्फही पुसला जाईल. तेव्हा घसरू दे. कोणी विचारलंच तर बहिणीने चमचा पाडला म्हणून दचकलो, असं खुशाल सांग. मी हो म्हणेन.