यांचा विसरभोळेपणा आणि माझं भरीत

शिंदखेडा, रविवार, दिवेलागण

यांना शुगर आहे, आणि हल्ली विसरतातही फार. डॉक्टर म्हणाले, शुगर फार दिवस वाढलेली राहिली की असं होऊ शकतं. काळजी वाटतेच, का नाही वाटणार? पण आज हसू आवरत नाहीये.

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचून भरीत केलं. पहिल्याच घासाला हे म्हणाले, "काय भरीत व्हयनं वं आज!" लग्नानंतर पहिल्यांदा असं कौतुक! एरवी मीठ कमी, नाहीतर तिखट जास्त.

दोन घासांनी पुन्हा तेच, तितक्याच नवलानं. हात धुताना तिसऱ्यांदा! मग विचारलं, "मी गोळी लिधी का वं?"

राहिलीच होती, ती लगेच दिली. कौतुक करून झालंय, हे मात्र सांगितलं नाही.