हो आजी, तुमचंच

सोमवार, ३ नोव्हेंबर
आले एकदाची जुन्नरला! दिवाळीचा उरलेला फराळ पिशवीत, पोरगी आईकडं मढला, आणि मी, वैजयंती, अरिहंतशेठच्या घरी त्यांच्या आईला सांभाळायला. खाली कापडाचं दुकान, वर घर. माझ्या खोलीला गॅलरी, गॅलरीतून शिवनेरी दिसतो. निघताना समृद्धीनं रडायला तोंड वाकडं केलं, पण करंजी हातात पडल्यावर गप्प. आठ वर्षांची भवानी आहे नुसती.

सूरजबाई अठ्ठ्याहत्तरच्या, गोऱ्यापान, एवढ्याशा. त्यांना डिमेन्शिया. जेवलेलं विसरतात. नवरा सुगनचंदशेठ जाऊन नऊ वर्षं झाली तेही विसरतात आणि फोटोपुढं चहा ठेवायला लावतात. आज मला तासभर शिनोलीच्या घराचं सांगत होत्या. दारात फणस, नवऱ्याची लाल मोटरसायकल. मी रिंकूवहिनींना, म्हणजे शेठच्या बायकोला, विचारलं की आजींचं माहेर शिनोली का. त्या हसल्याच. माहेर राजस्थानात, शिनोली त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नाही म्हणे.

इथं जेवण सूर्य मावळायच्या आत. कांदा नाही, लसूण नाही, बटाटासुद्धा नाही. महिन्याभरात माझं वजन उतरतंय की काय!

गुरुवार, ६ नोव्हेंबर
दर गुरुवारी आजींना घेऊन डिमेन्शियाच्या केंद्रात जायचं. एका खोलीत आम्हा सांभाळणाऱ्यांची बैठक, शेजारच्या हॉलमध्ये आजारी माणसं बसून मटार सोलतात, गाणी म्हणतात. तिथल्या संस्कृतीताई वयानं माझ्याहून लहान, पण बोलणं पक्कं. त्यांचा मोठा नियम एकच. आजारी माणसाला खोडून काढायचं नाही. ते म्हणतील ते हो. खरंखोटं करत बसलात तर ते घाबरतात, चिडतात, जेवण सोडतात. गप्पही बसू द्यायचं नाही, स्वतःच्या आठवणी सांगून बोलतं करायचं. ही वहीही त्यांनीच दिली, सांभाळणाऱ्यानं आपल्या मनाचं लिहावं म्हणून.

मटार सोलणाऱ्यांत एक सोनीबाई दिसली. चाळिशीची, केस काळेभोर. मला वाटलं ही मदतनीस. पण न्हाई, तीही आजारीच. सोललेले दाणे टोपलीत आणि सालं ओच्यात ठेवायची, मग दोन्ही परत एकत्र करायची. मला लई वाईट वाटलं.

रात्री समृद्धीचा फोन. तिचा वाढदिवस तीस तारखेला, रविवारी. आई तिला घेऊन इथंच येणार, शेठनीच बोलावलंय. मी तिला बजावलं, आजी काही म्हणाल्या तरी हो आजी म्हणायचं, शहाण्यासारखं. तिनं फोनवरच दहादा म्हणून दाखवलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आजींशी गट्टी जमली. मी त्यांना आमच्या गायीचं सांगितलं, पांढऱ्या कपाळाची, माझ्याशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. आजी ऐकत राहिल्या. मग माझा हात धरून विचारलं, ती गाय माझीच ना गं? मला हसू आलं. म्हटलं, हो आजी, तुमचीच. काय खूश झाल्या! दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
रिंकूवहिनी म्हणतात मी आल्यापासून आजी सुधारल्या. खरंच आहे. काल मी आमच्या मढच्या घराचं सांगितलं, मागचा ओढा, शाळेचं पटांगण, आंब्याखालचा कट्टा. आजी म्हणाल्या, मढ माझंच गाव ना? हो आजी, तुमचंच. आज त्यांनी शेठना ओढ्याचं सगळं सांगितलं. मी न सांगितलेलंही. ओढ्यातल्या खेकड्यांचं मी कधी बोलले?

गायीचं नाव लिहायचं होतं. दुपारपासून आठवतेय. काहीतरी होतं. जिभेवर येतंय आणि जातंय, वैताग नुसता.

गुरुवार, २० नोव्हेंबर
घरी आल्याआल्या लिहायला बसले.

आज केंद्रात सोनीबाईचा नवरा भेटला. लाल मोटरसायकलवर आला होता. गाव विचारलं तर शिनोली. दारात फणस आहे का, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तो बघतच राहिला. म्हणाला, तुमाला कसं ठावं? मग सांगितलं त्यानं. सोनी लई हुशार व्हती, नर्सिंगचा कोर्स केलेली. सूरजबाईंकडं सहा महिने कामाला व्हती. तिथंच विसरायला लागली. आधी फणस, मग घर, मग त्याला. डॉक्टरांना काय कळंना.

मी संस्कृतीताईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, सांभाळणाऱ्याला असा थकवा येतो, झोप नीट घ्या.

थकवा! मढच्या शाळेत दहा वर्षं गेले मी, आणि ती शाळा कुठल्या बाजूला होती ते सांगता येत नाही, तो थकवा?

सोमवार, २४ नोव्हेंबर
जे जे तुमचंच म्हटलं ते ते माझ्यातून गेलं. आजपासून हो म्हणायचं बंद. स्वतःचं काही सांगायचंही बंद.

पण समृद्धीचा फोन आजींनी ऐकला. फोन ठेवल्यावर विचारलं, समृद्धी माझीच लेक ना गं?

मी म्हटलं, नाही. माझी आहे. माझ्या पोटची.

आजींनी लहान लेकरासारखा हंबरडा फोडला. शेठ दुकानातून धावत आले.

बुधवार, २६ नोव्हेंबर
आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. शेठनी माझ्यापुढं हात जोडले. एक शब्द म्हणा, एवढ्यानं तुमचं काय जातंय?

मी नाही म्हटलं. त्यांना राग आला. येऊ दे. माझं काय जातंय ते मलाच माहीत.

आईला फोन केला, पोरीला आणू नको म्हणाले. रेंज तुटत होती. काय ऐकलं तिनं देव जाणे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
सकाळी पिशवी भरून निघाले. एस्टी स्टँडवर उभी राहिले. एकेक गाडी लागत होती. पाट्या वाचत होते. मढ लिहिलेली गाडी आली, समोर उभी राहिली, गेली. मी वाचलं, मढ. पण तिथं माझं काय काम ते —

दोन तासांनी रिंकूवहिनी न्यायला आल्या. घरी आल्यावर ही वही उघडली. पहिल्याच पानावर लिहिलंय, पोरगी आईकडं मढला.

रडले. तोंडात पदर कोंबून रडले.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
मनगटावर पेनानं लिहून ठेवलंय. समृद्धी माझी लेक. भांडी रिंकूवहिनींना घासू देते. पाण्यात हात घालत नाही.

आजी जेवतात आता. मला बघून हसतात. आज म्हणाल्या, ती येऊ दे, तिलाच विचारीन. ती हो म्हणाली तरी जाईल ना माझ्याकडून?

शनिवार, २९ नोव्हेंबर
समृद्धी माझी. डाव्या गालावर तीळ. दूध प्यायला लावलं की पळते. बाराखडी म्हणताना ठ ला अडखळायची. जन्मली तेव्हा पाऊस — नाही, थंडी. थंडीच. उद्या वाढदिवस, मग थंडीच. हे सगळं आहे अजून. आहे माझ्याकडं.

कुणाला द्यायचं नाही. मेले तरी हो म्हणायचं नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर, दुपारी बारा
आले! आई आणि ती. पिवळा नवा फ्रॉक. जिन्यातच उचलून घेतली, मुके घेतले, सोडवेना. सरळ माझ्या खोलीत आणून कडी लावली. आईला वाटलं मला वेड लागलं. आत्ता चहा पितील आणि मी यांच्याबरोबर जाणार, आई नेईल तिथं. सुटले.

साडेबारा
पटकन लिहिते, डोक्यातून जायच्या आत.

मी पिशवी भरत होते. ती कडी काढून पाणी प्यायला बाहेर गेली. एवढंच. एवढ्यात आजींचा आवाज आला, तू माझीच ना गं?

मी धावले. मी ओरडले, बोलू नकोस —

पण मीच शिकवलं होतं. फोनवर. दहादा म्हणवून घेतलं होतं.

हो आजी, तुमचीच.

शहाण्यासारखं म्हणाली. माझ्याकडं बघून हसली, बरोबर म्हटलं ना, अशी —

तीळ डाव्या गालावर. की उजव्या. मागच्या पानावर आहे. डाव्या. कुणाच्या

पाऊण
मनगटावर काहीतरी लिहिलंय. अक्षर माझंच. नाव ओळखीचं नाही.

दारात एक पोरगी उभी आहे, पिवळ्या फ्रॉकातली. गोड आहे. रडतेय. मला आई म्हणतेय, घरी चल म्हणतेय. बिचारी चुकली असेल. केंद्रात शिकवलंय, अशा वेळी खोडून काढायचं नाही. मी तिला जवळ बोलावलं, डोळे पुसले आणि म्हटलं, हो बाळा, मी तुझीच —